शेजारी कोण राहतं? एका यादीची गोष्ट

बदलापूरनंतर एक मागणी परत परत कानावर येते आहे. अमेरिकेत म्हणे आईबाप वेबसाइटवर घराचा पत्ता टाकतात आणि लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेलं आसपास कोण राहतं ते त्यांना फोटोसकट दिसतं. मग आपल्याकडे ही यादी का नाही? सरकार कुणाला लपवतंय?

प्रश्न रास्त आहे. घरात लहान मूल असलेल्या कुणालाही तो पडणारच. म्हणून ही यादी कशी जन्माला आली, तिचा कुठे उपयोग झाला आणि कुठे नाही, हे जरा सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी तिकडे नेमकं काय दिसतं ते सांगतो. अमेरिकेच्या न्याय खात्याची एक राष्ट्रीय वेबसाइट आहे. पैसे लागत नाहीत. आधी अटी मान्य करायच्या, मग नाव टाकून शोधा किंवा पत्ता टाकून एक ते तीन मैलांच्या परिघात शोधा. ही वेबसाइट स्वतः यादी ठेवत नाही. पन्नास राज्यं, राजधानी वॉशिंग्टन, बेटांवरचे प्रदेश आणि मूळ अमेरिकन जमाती यांच्या वेगवेगळ्या याद्यांमध्ये ती एकदम शोध घेते. नावावर टिचकी मारली की त्या राज्याचं पान उघडतं. तिथे फोटो, पत्ता, कशाबद्दल शिक्षा झाली ते, कधी कधी गाडीची माहितीही असते. बऱ्याच राज्यांत तुम्ही ईमेल नोंदवून ठेवलात तर असा कुणी जवळ राहायला आला की निरोप येतो. माहितीचा वापर करून कुणाला धमकावलं किंवा त्रास दिला तर तो गुन्हा ठरतो, हेही तिथे लिहिलेलं असतं. देशभरात मिळून सात लाखांहून जास्त नावं या याद्यांवर आहेत. घर बदलताना शाळा कशी आहे हे बघतात, तसंच अनेक कुटुंबं हेही बघून घेतात.

पण यादी सुरू झाली तेव्हा ती लोकांसाठी नव्हतीच. लैंगिक गुन्हेगारांची राज्यभराची नोंदणी सर्वांत आधी सुरू केली कॅलिफोर्नियानं, १९४७ मध्ये. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसानं पोलीस ठाण्यात जाऊन आपला पत्ता नोंदवायचा. गावात असा गुन्हा घडला की पोलीस आधी ती वही उघडणार, एवढाच उद्देश. शेजाऱ्यांना ती वही दिसत नव्हती.

(जाता जाता: माणसांची नोंदवही ठेवून हजेरी घ्यायची कल्पना आपल्याला नवी नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमातीच वहीत चढवल्या होत्या, जन्मावरून. सोलापूरच्या सेटलमेंटचं तारेचं कुंपण अजून आठवणाऱ्यांची घरं आहेत. तो कायदा १९५२ मध्ये गेला. वहीवरचं नाव पुसलं तरी संशय पुसला जात नाही, हे विमुक्त समाजांना विचारा. त्याकडे पुढे येतो.)

वही उघडी झाली ती १९८९ नंतर. त्या वर्षी मे महिन्यात वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा शहरात सात वर्षांच्या एका मुलावर भयंकर अत्याचार झाला. करणारा जुना गुन्हेगार होता आणि तो धोकादायक आहे हे यंत्रणेला ठाऊक होतं. शिक्षेची मुदत संपली म्हणून तो बाहेर होता. लोक खवळले आणि १९९० मध्ये त्या राज्यानं कायदा केला की अशी माणसं सुटून आली तर पोलिसांनी वस्तीला कळवायचं. अमेरिकेतला हा असा पहिला कायदा.

त्याच वर्षी, २२ ऑक्टोबर १९८९ च्या रात्री, मिनेसोटातल्या सेंट जोसेफ या लहानशा गावात अकरा वर्षांचा जेकब वेटरलिंग भाऊ आणि मित्राबरोबर सायकलवरून व्हिडिओ कॅसेट आणायला गेला होता. परतताना बुरखा घातलेल्या, हातात पिस्तूल असलेल्या माणसानं तिघांना अडवलं, दोघांना पळायला सांगितलं आणि जेकबला नेलं. तो सापडलाच नाही. त्याची आई पॅटी वेटरलिंग हात बांधून बसली नाही. परिसरात असे गुन्हे केलेले कोण राहतात याची पोलिसांकडे धड यादीच नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिनं आधी राज्यात आणि मग वॉशिंग्टनला पाठपुरावा केला. १९९४ च्या सप्टेंबरात जेकबच्या नावाचा राष्ट्रीय कायदा झाला आणि प्रत्येक राज्याला अशी नोंदणी ठेवणं भाग पडलं. पॅटीबाईंनी मागितलेली यादी मात्र पोलिसांसाठी होती. तपास लवकर व्हावा म्हणून.

हा कायदा मंजूर होत असतानाच न्यू जर्सीतली घटना घडली. २९ जुलै १९९४, हॅमिल्टन टाउनशिप. आज तिथून जवळच प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर, एडिसनकडे पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. सात वर्षांची मेगन कांका समोरच्या घरात गेली, कारण तिथल्या माणसानं तिला कुत्र्याचं पिल्लू दाखवतो म्हणून बोलावलं होतं. त्यानं तिच्यावर अत्याचार करून तिचा खून केला. मुलांवरच्या अत्याचारासाठी त्याला आधी दोनदा शिक्षा झाली होती. घरात त्याच्यासोबत राहणारे आणखी दोघेही तसल्याच गुन्ह्यातले. पोलिसांना, न्यायालयाला, तुरुंगाला हे माहीत होतं. रस्त्याच्या पलीकडे राहणाऱ्या आईबापांना माहीत नव्हतं. आम्हाला कळलं असतं तर आमची पोर आज असती, एवढंच ते सांगत राहिले. आणि यावर कुणी काय उत्तर देणार? चार लाखांच्या वर सह्या जमल्या. ३१ ऑक्टोबरला, म्हणजे तीन महिन्यांत, राज्याचा ‘मेगनचा कायदा’ झाला. १७ मे १९९६ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी राष्ट्रीय कायद्यावर सही केली आणि लोकांना माहिती देणं सगळ्या राज्यांना बंधनकारक झालं.

न्यू जर्सीनं सुरुवातीला तीन पायऱ्या केल्या होत्या, हे आपल्याकडच्या चर्चेत कधी येत नाही. धोका कमी असेल तर माहिती फक्त पोलिसांना. मध्यम असेल तर शाळा, पाळणाघरं, मुलांच्या संस्थांना. धोका जास्त असेल तरच घरोघरी जाऊन शेजाऱ्यांना. म्हणजे प्रत्येक माणूस तपासून ठरवायचं. मग इंटरनेट आलं आणि देशभरात या पायऱ्या सपाट होत गेल्या. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अलास्काच्या खटल्यात निकाल दिला की यादीत नाव घालणं ही शिक्षा नाही, ती प्रशासकीय बाब आहे. त्यामुळे जुन्या गुन्ह्यांनाही ती लागू झाली.

२००३ च्या नोव्हेंबरात नॉर्थ डकोटात ड्रू शोडिन या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीचं अपहरण झालं. गुन्हेगार यादीवर होता, पण शेजारच्या मिनेसोटा राज्याच्या. यादी राज्याच्या सीमेवर थांबत होती. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वेबसाइटला पुढे ड्रूचंच नाव दिलं गेलं. २००६ च्या ॲडम वॉल्श कायद्यानं मुदती ठरवल्या: गुन्ह्याप्रमाणे पंधरा वर्षं, पंचवीस वर्षं किंवा जन्मभर. या कायद्यांना मुलांची नावं आहेत आणि त्या प्रत्येक नावामागे एक घर उद्ध्वस्त झालेलं आहे. विधिमंडळात उभं राहून अशा कायद्याविरुद्ध मत द्यायची हिंमत कोण करणार? तिकडेही कुणी फारशी केली नाही.

आता फरक किती पडला ते बघू. न्यू जर्सीतच, केंद्रीय न्याय खात्याच्या पैशानं, एक मोठा अभ्यास झाला. कायद्याआधीची दहा आणि नंतरची दहा वर्षं तपासली. २००८ मध्ये निष्कर्ष आले. पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण या कायद्यामुळे घटलं असं दिसलं नाही, बळींची संख्या कमी झाली असंही दिसलं नाही. वर्षाचा खर्च मात्र एकोणचाळीस लाख डॉलरच्या पुढे गेला होता. प्रेस्कॉट आणि रॉकऑफ या दोन अभ्यासकांनी २०११ मध्ये पंधरा राज्यांची आकडेवारी मांडली, ती अजून बोलकी आहे. पोलिसांकडे नोंदणी असण्यानं गुन्हे कमी होतात. यादी सगळ्यांसाठी खुली केली की आधी शिक्षा झालेल्यांकडून पुन्हा गुन्हा होण्याची शक्यता उलट वाढू शकते. कारण त्यांना घर मिळत नाही, काम मिळत नाही, गमवायला काही उरत नाही.

मायामीत हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. शाळेपासून अडीच हजार फुटांच्या आत यांनी राहायचं नाही असा नियम झाला, तेव्हा शहरात जागाच उरली नाही. मग ही माणसं ज्युलिया टटल कॉजवे या पुलाखाली तंबू ठोकून राहू लागली, २०१० पर्यंत. काहींच्या सरकारी कागदांवर पत्ता म्हणून तो पूलच होता. आता सांगा, पुलाखालच्या माणसावर नजर ठेवणं सोपं की घरात राहणाऱ्यावर?

आणि मेनमधली एप्रिल २००६ ची घटना. कॅनडातून आलेल्या एका तरुणानं राज्याच्या वेबसाइटवरून पत्ते काढले आणि ईस्टरच्या दिवशी दोन घरांत जाऊन दोघांना गोळ्या घातल्या. त्यातला एक चोवीस वर्षांचा होता. तो यादीवर होता कारण एकोणीस वर्षांचा असताना त्याचे मैत्रिणीशी संबंध आले होते आणि तिला सोळा पूर्ण व्हायला काही आठवडे बाकी होते. वेबसाइटवर त्याचा फोटो आणि मेगनच्या खुन्यासारख्या माणसाचा फोटो सारख्याच चौकटीत दिसतो. गंभीर गुन्ह्यांसाठी चौदा वर्षांची मुलंही तिथल्या याद्यांवर चढली आहेत. ज्यांना वाचवायला यादी केली त्याच वयाची.

जेकबचं काय झालं ते सत्तावीस वर्षांनी कळलं. २०१६ मध्ये एका माणसानं कबुली दिली आणि पेन्सव्हिल गावाजवळ जेकबचे अवशेष दाखवले. हा माणूस सेंट जोसेफपासून तीसेक मैलांवर राहत होता. जेकबच्या आधी त्या भागात बऱ्याच मुलांवर हल्ले झाले होते, त्याच्यावर संशय होता, पोलिसांनी त्याची चौकशीही केली होती. पण अशा गुन्ह्यात त्याला शिक्षा झालेली नव्हती. म्हणजे जेकबच्या नावाची यादी १९८९ मध्ये असती, सगळ्यांना खुली असती, तरी याचं नाव तिच्यात नसतं. २०१८ मध्ये तपासाची कागदपत्रं खुली झाली, तेव्हा तिथल्या शेरीफनं स्वतः जाहीरपणे मान्य केलं की तपास चुकीच्या वाटेला गेला होता. पॅटी वेटरलिंग त्याच्या कितीतरी आधीपासून सांगत होत्या की हे कायदे भलतीकडे गेलेत, मुलांना यादीवर घालू नका, लोकांना घराबाहेर काढून मुलं सुरक्षित होत नाहीत. ज्या आईच्या हट्टानं यादी आली तिचं हे म्हणणं आहे. आपल्याकडच्या फॉरवर्डमध्ये ते येत नाही.

ब्रिटननं जरा निराळी वाट धरली. १ जुलै २००० ला ससेक्समध्ये आठ वर्षांची सारा पेन नाहीशी झाली, तिचा खून झाला होता. खुनी पोलिसांच्या नोंदवहीत होता. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या साप्ताहिकानं गुन्हेगारांची नावं-फोटो छापायला सुरुवात केली. पोर्ट्समथच्या पॉल्सग्रोव्ह वस्तीत रात्रीमागून रात्री दंगल झाली आणि निर्दोष कुटुंबांना घरं सोडून पळावं लागलं. वेल्समधल्या न्यूपोर्टला तर एका बालरोगतज्ज्ञ बाईंच्या दारावर शिवी रंगवली गेली, कारण इंग्रजीत बालरोगतज्ज्ञ आणि मुलांवर अत्याचार करणारा या दोन शब्दांची सुरुवात सारखी आहे. हे सगळं बघून सरकारनं यादी उघडी केली नाही. २००८ मध्ये प्रयोग सुरू झाला आणि नंतर तो इंग्लंड-वेल्सभर लागू झाला. आईबापांनी पोलिसांकडे जायचं आणि एका विशिष्ट माणसाबद्दल विचारायचं: हा माझ्या मुलाच्या संपर्कात आहे, काही धोका आहे का? पोलीस तपासतात आणि गरज असेल तर मुलाचं रक्षण करू शकेल अशा व्यक्तीलाच सांगतात. ते स्वतःपुरतं ठेवायचं असतं. मला विचाराल तर आपण मागणी करायची असेल तर अशा काही सोयीची करावी.

कारण यादी आपल्याकडे आहे! २० सप्टेंबर २०१८ ला केंद्रीय गृह खात्यानं लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ती सांभाळतो. सुरुवातीलाच चार लाख चाळीस हजारांच्या आसपास नोंदी होत्या. नाव, फोटो, पत्ता, बोटांचे ठसे. ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना बघता येते. तुम्हाला-मला नाही. यादीच नाही हा समज चुकीचा. यादी आहे, आणि ती वापरायची जबाबदारी ज्यांची आहे ते ती वापरतात का, हा खरा प्रश्न.

ती सगळ्यांना खुली करण्यात आपल्याकडे एक अडचण आहे, आणि ती गुन्हेगाराच्या हक्कांची नाही, मुलाची आहे. त्याच विभागाचे दरवर्षीचे आकडे काढा. पॉक्सोखालच्या बलात्काराच्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, घरचं माणूस, शिकवणीचे सर. अमेरिकेतही प्रमाण साधारण असंच आहे. आता एखाद्या तालुक्याच्या गावात मामाचं किंवा आजोबाचं नाव आणि पत्ता वेबसाइटवर आला तर ते मूल कोणतं हे गावाला कळायला किती वेळ लागेल? पॉक्सोचं कलम २३ मुलाचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, कुटुंब, एवढंच काय, राहण्याचा परिसरसुद्धा माध्यमांतून उघड करायला मनाई करतं. व्हॉट्सॲपवर ‘हाच तो नराधम’ म्हणून घरच्या पत्त्यासकट फोटो फिरवणारे हे कलम मोडत असतात, चांगल्या हेतूनं का होईना.

शिवाय रस्त्यावरच्या न्यायाचं काय होतं ते आपण पाहिलंय. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना आठवडी बाजारात धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. कुठल्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. भटके असणं पुरलं.

यादीत नसलेल्या, प्रतिष्ठित माणसांची उदाहरणंही आपल्या आसपासचीच आहेत. मडगावला अनाथ मुलांसाठी घर चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये पकडला गेला आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली, तोवर लोक त्याला समाजसेवक म्हणत. मुंबईतल्या अँकरेज या रस्त्यावरच्या मुलांच्या आश्रमाच्या प्रकरणात दोन ब्रिटिश नागरिकांना २००६ मध्ये शिक्षा झाली, उच्च न्यायालयात ते सुटले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा कायम केली. परदेशातून येणाऱ्यांबाबत एक गोष्ट आता आपल्याला उपयोगी आहे. अमेरिकेच्या २०१६ च्या कायद्याप्रमाणे मुलांवरच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या आणि यादीवर असलेल्या माणसाच्या पासपोर्टवर तसा शेरा छापतात, आणि तो ज्या देशात निघालाय त्या देशाला कळवण्याची सोयही आहे. गोव्यात किंवा मुंबईत परदेशी स्वयंसेवक घेणाऱ्या संस्थांनी पासपोर्टचं शेवटचं पान बघायला हरकत नाही.

मग आपल्याकडचे आईबाप तपासू काय शकतात? २०२० च्या पॉक्सो नियमांप्रमाणे शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी, वसतिगृह अशा मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेनं सगळ्या कर्मचाऱ्यांचं पोलीस व्हेरिफिकेशन ठरावीक काळानं करून घ्यायचं आहे. कायम असो की कंत्राटी. शिपाई, सफाईवाले, बसचा क्लीनर, कोच, सगळे. पोलिसांची ती बंद नोंदवही आपल्या उपयोगी पडते ती इथे. आपण गुन्हेगार शोधायचा नाही, शाळेला कागद मागायचा: व्हेरिफिकेशन कधी केलं, कंत्राटदाराच्या माणसांचं केलं का, बदली माणूस आला तर काय करता? पालक-शिक्षक संघाच्या सभेत सहलीच्या पैशांवर तासभर वाद होतो, हा विषय पाच मिनिटं तरी घ्या.

बदलापूरच्या प्रकरणातला आरोपी कंत्राटी कामगार होता, १ ऑगस्ट २०२४ ला कामावर आला होता आणि दोन आठवडेही झाले नव्हते. मुलींच्या घरच्यांना तक्रार नोंदवून घ्यायला पोलीस ठाण्यात तासन्‌तास थांबावं लागलं. वेळेत कळवलं नाही म्हणून शाळेच्या व्यवस्थापनावरही पॉक्सोखाली गुन्हा दाखल झाला. आरोपी खटला चालण्याआधीच पोलिसांच्या गोळीनं मेला, त्यामुळे त्याच्याबाबतीत न्यायालयात काय सिद्ध झालं असतं ते आता कळणार नाही. या सगळ्यात खुल्या यादीनं काय बदललं असतं, प्रामाणिकपणे सांगा. व्हेरिफिकेशन, शाळेनं कळवणं, ठाण्यात एफआयआर नोंदवून घेणं, यातल्या प्रत्येक गोष्टीचा कायदा किंवा नियम त्या दिवशी अस्तित्वात होता.

कुणाबद्दल नेमका संशय असेल तर ग्रुपवर फोटो टाकू नका. १०९८ वर फोन करा किंवा ठाण्यात जा. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे माहिती असेल तर कळवणं आपल्यावर बंधनकारकच आहे, आणि पोलिसांनी ती लिहून घेणंही. आणि तुमचं कुणी न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये नातवंडांसह घर बघत असेल तर त्यांना ती वेबसाइट जरूर बघू द्या, तिकडे ती सोय आहेच. फक्त नकाशावर लाल ठिपका नाही म्हणून निश्चिंत होऊ नका असं सांगा.

हे लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, मुलीच्या व्हॅनवाल्या काकांचं आडनावसुद्धा मला माहीत नाही. रोज सकाळी हात करतो त्यांना, तीन वर्षं झाली. उद्या शाळेत जाऊन त्यांची आणि त्यांच्या बदली ड्रायव्हरची नोंद आहे का ते विचारणार आहे.